दुखेल तिथं थांबायचं

“चप्पल काढ आन् ठेव पाय,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “तीन डाव ठेव. पोरीची कंबर मोकळी होती का न्हाई बग.”

वीरण्णा दारातच उभा राहिला. मुलींच्या होस्टेलातल्या त्या खोलीला व्हिजिटर रूम म्हणत. तिथे एक सतरंजी, एक पंखा आणि गेल्या साली मेडिकलला लागलेल्या मुलींचे फोटो यापलीकडे काही नव्हतं. सतरंजीवर सुकन्या पालथी पडली होती, तोंड भिंतीकडे करून. दुपारचे दोन वाजले होते. उद्या सकाळी दहाला तिची सीईटी होती.

“आक्का, मी ते सोडलंय,” वीरण्णा म्हणाला.

“सोडलंय म्हंजे? ते काय तंबाखू हाय का सोडायला? पायाळू जल्माचा असतो.”

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आमच्या भागात कुणालाही विचारा, सांगेल. आभाळात कडाडायला लागलं की त्याच माणसाच्या शेजारी कुणी उभं राहत नाही, वीज त्याच्यावर पडते म्हणून, तेही सांगेल. वीरण्णाला लहानपणी दोन्ही वाट्याला आलं होतं. पावसाळ्यात पोरं त्याला झाडाखालून हाकलून द्यायची आणि सुगीत त्यांचेच बाप त्याला शाळेतून बोलावून न्यायचे. पोती उचलून धरलेल्या पाठी ओळीनं पालथ्या पडायच्या आणि सात वर्षांचा वीरण्णा त्यांच्यावर पाय ठेवत पुढे जायचा. बदल्यात काही घ्यायचं नाही, हा नियम. मास्तरांच्या पाठीवरसुद्धा त्यानं पाय ठेवला होता. एवढा मान पुढं त्याला कधी मिळाला नाही.

लक्ष्मीबाई सुकन्याची आजी. शिरूर अनंतपाळहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या, नातीच्या परीक्षेसाठी अंगारा, नारळ आणि धपाट्यांचा डबा घेऊन. वीरण्णा होस्टेलचा वॉचमन, आणि गेटवर रजिस्टर लिहायला त्याचा धाकटा भाऊ मलप्पा बसतो, तीनचाकी सायकलीवर. कमरेखाली त्याला काही कळत नाही. त्यानं नाव-गाव विचारलं, त्यांनी बोलता बोलता माहेर सांगितलं, आणि तेरणेकाठचं, आता नकाशावर दुसऱ्याच जागी वसलेलं ते एकच गाव दोघांचं निघालं. तिथून पाऊण तास लक्ष्मीबाई गेटवर बसून रडल्या. माहेरची पाच माणसं त्यांची त्र्याण्णवच्या भूकंपात गेली होती.

“तू गुरलिंगप्पाचा थोरला,” वीरण्णाकडे बोट करत त्या म्हणाल्या होत्या. “पंचमीला आल्ते तवा माझी कंबर तूच मोकळी केल्ती.” तेव्हा वीरण्णा हसला होता. कौतुक झालं की माणूस बावळटासारखा हसतो, तसाच. ती चूक त्याला आता कळत होती.

बाराच्या सुमारास टँकर आला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. स्टेशनापासून होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ते आपल्याआपण चढत नाही, हे तेवढं टीव्हीनं दाखवलं नाही. मुली जार उचलून नेत. सुकन्या वीस लिटरचा जार घेऊन जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फिरली, पायरीवर पाणी सांडलेलं होतं, पाय सरकला. जार फुटला नाही. जार छातीशी धरून ती बसली ती उठलीच नाही. चौघींनी तिला खाली आणलं.

“वीरण्णा, काहीतरी करा,” फरीदा मॅडम म्हणाल्या. त्या होस्टेलच्या रेक्टर. सकाळपासून चाळीस मुलींची हॉल तिकिटं तपासून त्यांचा आवाज बसला होता. “दवाखान्यात नेलं तर ते सीधं ॲडमिट करून घेणार. उद्याचा पेपर गेला म्हणून समजा. पोरीचं दुसरं वर्ष आहे.”

“तीन मार्कांनी हुकलं होतं,” सुकन्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. “मामा, निदान तुमचं लाटणं तरी द्या.”

लाटणं म्हणजे वीरण्णाचा रोलर. हातभर पीव्हीसी पाइप, त्यावर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळलेली. दुसरा प्रकार म्हणजे मोज्यात बांधलेले दोन रबरी चेंडू. भिंतीला पाठ लावायची, मध्ये चेंडू धरायचे आणि वर-खाली व्हायचं. दिवसाला चौदा तास पुस्तकावर वाकणाऱ्या मुलींच्या माना आणि खांदे संध्याकाळपर्यंत लाकडासारखे होत. दुकानात असल्या वस्तूला सातशे-आठशे रुपये पडतात, वीरण्णा वीस रुपयांत देई. कुणी नवीन मुलगी आली की तो तिला गेटवर उभी करून दाखवी आणि दर वेळी तेच तीन नियम सांगे. आपलं आपणच करायचं, दुसऱ्याला दाबायला सांगायचं नाही. दुखेल तिथं थांबायचं. पायाला किंवा हाताला मुंग्या येत असतील तर हातच लावायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. मुली त्याची नक्कल करायच्या, तिसऱ्या नियमाला तर त्याच्यासारखं बोट वर करून.

पहिला रोलर त्यानं मलप्पासाठी केला होता. हातांनी सायकल ओढून मलप्पाचे खांदे आखडत. भूकंपानंतरच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या एका बाईनं युक्ती दाखवली होती, ट्यूब त्या सायकलीचीच होती.

“मुंग्या येतात का पायाला?” वीरण्णानं विचारलं.

“नाही,” सुकन्या म्हणाली. फार लवकर म्हणाली.

“मॅडम,” वीरण्णा अजून उंबऱ्याच्या आत आला नव्हता, “तिच्या उजव्या पायाचं एक बोट धरा. कोणतं ते बोलू नका. सुकन्या, कोणतं धरलं ते सांग बाळ.”

फरीदा मॅडम खाली बसल्या. त्यांनी अंगठा धरला.

पंखा फिरत होता. लक्ष्मीबाई नातीच्या डोक्याकडे पाहत होत्या, मॅडम वीरण्णाकडे.

“धरा ना,” सुकन्या म्हणाली.

मॅडमनी अंगठा चिमटीत घेऊन जोरात दाबला. नख पांढरं झालं.

“धरा की मॅडम. कोणतं बोट ते सांगते मी.”

मॅडमनी हात काढून घेतला आणि तो पदरात धरून ठेवला.

“अंगठं हालव बरं दोन्ही,” वीरण्णा म्हणाला. डावा हलला. उजवा हलला नाही.

“मग तर ठेवच तू पाय,” लक्ष्मीबाई उसळल्या. “शीर आखडलीय तिची. किती वेळ लावून ऱ्हायलास? गावात आर्ध्या रात्री बी न्हाई म्हनला न्हाईस कुणाला. शहरात येऊन मोठा झालास व्हय?”

“आक्का, दवाखान्यात नेऊ.”

“दवाखाना कुठं पळून चाललाय? परीक्षा झाली की नेऊ. तुजा पाय लागून कुणाचं वाईट झालंय का आजपातूर? एक नाव सांग.”

वीरण्णानं तोंड उघडलं. एकच नाव होतं, आणि ते बावीस वर्षांत त्याच्या तोंडून त्या अर्थानं कधी निघालं नव्हतं.

गणपती बुडवून गाव झोपलं होतं, त्या पहाटे भूकंप झाला. मलप्पाला सकाळी आठच्या सुमाराला काढलं. हातभर जाडीची मातीची भिंत आणि माळवदाची तुळई त्याच्यावर होती. आई-बाप आधीच काढून चिंचेखाली झाकून ठेवले होते. मलप्पाला दाराच्या फळीवर पालथा घातला. अठरा वर्षांचं पोरगं, तोंडात माती, आणि जिवंत. “कंबर धरली,” एवढंच म्हणाला. कुणीतरी म्हणालं, “पायाळू तर घरातच हाय की.” वीरण्णाला तेव्हा बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं, ते त्याला अजून विसरता येत नाही. पहाटेपासून तो हातांनी दगड उपसत होता आणि त्याच्या हातून एकही माणूस जिवंत निघालं नव्हतं. इथे मात्र त्याला येत होतं असं एक काम निघालं. मलप्पाच्या पायांचे अंगठे हलताना त्यानं पाहिले. आणि पाय ठेवला. चांगला भार देऊन ठेवला, भावाची पाठ म्हणून.

मलप्पा ओरडला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “वीरू, माझे पाय कुठायत?”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुळईनं मणका मोडला. गाव म्हणालं, तुळईनं. मलप्पाही कुणी विचारलं की तुळईच सांगायचा. वीरण्णा मान हलवायचा. त्यानं लग्न केलं नाही, गावात घर मिळालं ते चुलतभावाला दिलं, मलप्पाला घेऊन लातूरला आला. रोज त्याला उचलतो, आंघोळ घालतो, सायकलीवर बसवतो. पाठीला साबण लावताना मात्र त्याचा हात इतका हलका पडतो की मलप्पा म्हणतो, “आरं लाव की, पाण्यात लावल्यागत काय करतोस?” आपण पाहिलेले ते हलते अंगठे आपल्यालाच ठाऊक आहेत, असं वीरण्णा धरून चालला होता.

“मामा,” सुकन्यानं मान वळवली. तिचा चेहरा घामानं आणि रडून ओला झाला होता, आणि वीरण्णाला वाटलं, हिला नाही म्हणणं आपल्याला जमणार नाही. “तीन तास बसायचंय फक्त. नंतर काय व्हायचं ते होऊ दे. आजीला तुम्ही बरं केलं होतं ना? मग मला का नाही?”

“ऐका वीरण्णा,” फरीदा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “मलाही भीती वाटते. पण इतके लोक म्हणतात तर... हलका ठेवा. फक्त लावल्यासारखा.”

तिघी त्याच्याकडे बघत होत्या. बाहेर टँकरचा पाइप गुंडाळल्याचा आवाज आला. वीरण्णा उंबरा ओलांडून आत आला. उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याबाहेर राहिली होती. ती आपण कधी काढली ते त्याला कळलं नाही. तळव्याला फरशी गार लागली. सुकन्यानं डोळे मिटून घेतले आणि सतरंजीची कड मुठीत धरली.

“लक्ष्मीआक्का.”

आवाज खिडकीतून आला. गजाबाहेर मलप्पाची सायकल उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. त्याच्या मांडीवर रजिस्टर होतं आणि पेन मध्ये घालून त्यानं ते मिटलेलं होतं.

“मला काढलं तवा माझे पाय हालत होते,” मलप्पा म्हणाला.

लक्ष्मीबाईंना कळलं नाही. “काय म्हनलास?”

“दोन्ही हालत होते. फळीवर घातलं तवा मी अंगठे हालवून बगितले. हालले. मग ह्यानं पाय ठेवला. मग न्हाई हालले.”

“आरं, सगळे तर म्हनत होते तुळई पडली.”

“पडली की. तुळई बी पडली. पाय त्याच्यानंतर हालत होते.” तो बाजारभाव सांगावा तसा सांगत होता, राग नव्हता की रडू नव्हतं. “आता पोर तुमची हाय. ठेवायचा तर ठेवा. मी सांगायचं ते सांगितलं.”

वीरण्णा खिडकीकडे पाहू शकला नाही. तो सुकन्याच्या तळव्याकडे पाहत राहिला. मग लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, नातीच्या पायाशी गेल्या आणि तो न हलणारा अंगठा त्यांनी स्वतः धरून पाहिला.

“सुके,” त्या म्हणाल्या, “मी काय धरलंय?”

सुकन्या रडायला लागली. उत्तर तेच होतं.

“गाडी बोलवा,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

मकसूदचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो गेटवरच होता. पाण्याचे जार पोचवायला तो दिवसातून दोनदा येई. त्यानं काही न विचारता रिकामे जार रस्त्यावर उतरवले. वीरण्णानं वरच्या खोलीतल्या पलंगाची प्लायवूडची फळी काढून आणली. मग पुढचा सगळा वेळ त्याच्या बोलण्यात धार आली, मॅडमना आणि मकसूदला तो हुकूम सोडत होता. “वाकवू नका. बसवायचं न्हाई. जशी हाय तशीच सगळी मिळून सरकवा. मॅडम, मान धरा.” फळीवर तिला पालथी घातलेली पाहून त्याला दाराची ती फळी आठवली, पण हात थांबले नाहीत. मुली जिन्यात ओळीनं उभ्या होत्या, पुस्तकात बोट घालून.

गाडीत फळी सरकवताना सुकन्याचं तोंड त्याच्या अगदी जवळ आलं.

“माझं वर्ष गेलं, मामा,” ती म्हणाली.

“व्हय,” तो म्हणाला.

“हळू चालवतो,” मकसूद म्हणाला. “खड्डा आला तर उतरून बघतो आधी.” आणि खरंच पहिल्याच वळणावर तो उतरलेला दिसला. मॅडम पुढे मकसूदशेजारी होत्या, मागे लक्ष्मीबाई नातीचे दोन्ही पाय हातांनी धरून बसल्या होत्या. डबा आणि नारळ व्हिजिटर रूममध्येच राहिले.

सहाच्या सुमाराला फरीदा मॅडमचा फोन आला. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती, ऑपरेशन लगेच करायचं ठरलं होतं. “पाय वाचेल म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, वीरण्णा. कुणी दाबलं-बिबलं तर नाही ना?”

“मग?”

“नाही म्हणून सांगितलं मी.”

फोन ठेवून वीरण्णा गेटवर येऊन बसला. उद्याच्या परीक्षेच्या मुली कोपऱ्यावरच्या मारुतीला जाऊन परतत होत्या. मलप्पा प्रत्येकीची वेळ रजिस्टरमध्ये लिहीत होता. सुकन्याच्या नावापुढे त्यानं बाहेर गेल्याची वेळ लिहिली होती आणि परतीचा रकाना मोकळा ठेवला होता. शेवटची मुलगी आत गेल्यावर वीरण्णानं गेट लावलं. कुलूप लावायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“तुला ठावं होतं,” तो गेटकडे तोंड करूनच म्हणाला.

“माझे पाय हायत. मला ठावं नसंल तर कुणाला?”

“बोलला न्हाईस कधी.”

मलप्पानं पेनाला टोपण लावलं. “बोललो आसतो तर तू जगला आसतास का?”

वीरण्णानं किल्ली खिशात घातली. बावीस वर्षं आपण याला सांभाळतो असं त्याला वाटत होतं. कोण कुणाला सांभाळत होतं, हे आता कुणाला विचारायचं, हे त्याला कळेना.

“खांदा धरलाय,” मलप्पा म्हणाला. “सकाळपासनं लई लिवलं आज.”

वीरण्णा खोलीत गेला आणि मोज्यातले चेंडू घेऊन आला. मलप्पा सायकल भिंतीला लावून त्यांच्यावर पाठ टेकवायचा प्रयत्न करू लागला. एकदा, दोनदा. दुखत होतं ते बरोबर खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, आणि सायकलची पाठ तिथे आडवी येत होती. चेंडू खाली पडले.

वीरण्णा ते उचलायला वाकला.

“ऱ्हाऊ दे ते,” मलप्पा म्हणाला. “हातानं दाब.”

वीरण्णा चेंडू घेऊन उभा राहिला.

“दाब म्हनलं ना. तुला म्हनून ऱ्हायलो.”

त्यानं चेंडू रजिस्टरवर ठेवले. भावाच्या मागे जाऊन उभा राहिला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. दोन्ही फऱ्यांच्या मध्ये त्यानं अंगठा टेकवला, साबण लावताना टेकवायचा तसाच, लागेल न लागेल असा.

“दुखंल तिथं सांग,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

“सांगतो,” मलप्पा म्हणाला.

वीरण्णानं दाबलं. मग आणखी थोडं दाबलं. मलप्पानं मान पुढे टाकली आणि डोळे मिटले. आत मुली घोकायला लागल्या होत्या. बराच वेळ झाला, तरी मलप्पानं काही सांगितलं नाही.